डोरीनबाईच्या भुवया

डोरीन अक्रॉइडबाईच्या पोटात काही राहायचं नाही. दाबून ठेवलंच, तर ते भुवयांवर यायचं. त्यामुळं यॉर्कशरातल्या त्या खाणीच्या गावात, पबमध्ये पत्त्यांना बसताना तिला कुणी जोडीला घेत नसे. नवरा रॉय म्हणायचा, "हिच्याकडं एक्का आला की आधी शेजारच्या टेबलाला कळतं."

शाळेत मात्र पहिलीचा वर्ग याच भुवयांवर चालायचा. पोरगं अक्षरांचे आवाज जोडताना चुकलं की भुवया खाली, बरोबर आलं की वर.

जूनमध्ये वाचनाची सरकारी चाचणी. एकेक पोर समोर घ्यायचं, शब्द वाचून घ्यायचे. निम्मे शब्द खरे. निम्मे नुसते बनवलेले, शेजारी राक्षसाचं चित्र. पाठ करून आलेलं पोर तिथं उघडं पडतं. बाईनं हूं की चूं करायचं नाही.

पहिलीतल्या टिलीची बाईला काळजीच नव्हती. "पास झालीच समज," असं तिच्या आईला फाटकाशी सांगूनही टाकलं होतं. आणि चाचणीच्या तोंडावर वर्गातल्या मदतनिसानं, केव्हनं, टिलीला वाचायला बसवलं, तर पोरगी ठप्प!

"तुझ्या दाढीला भ्याली असेल," बाई म्हणाली.

"भ्याली नाही. दाढीतनं तिला काही दिसलं नाही." केव्हनं चहात बिस्किट बुडवलं. "डोरीन, ती तुझ्या भुवया वाचते."

"काहीतरीच!"

"बघ की."

बाईनं बघितलं. "ग्ले...?" म्हणून टिलीचे डोळे वर. "ग्लॉ...?" पुन्हा वर. कागदाकडं नजर जेमतेम. बाईचं तोंड कडू झालं. अशीच पास झाली तर नापास पोरांना मिळते ती रोजची जादा शिकवणी हिला मिळणार नाही, आणि पुढच्या वर्गात पोरगी चाचपडत बसणार.

घरी बाई आरशासमोर दगडासारखं तोंड करून बसली. रॉयनं विचारलं, "पोटात मुरडा आलाय का?"

शेवटी चाचणीला तिनं दोन्ही खुर्च्या शेजारी-शेजारी मांडल्या, तोंडं खिडकीकडं. टिलीनं मान वाकडी केली. अजून वाकडी केली.

"मिस, समोर बसा ना."

"इथंच बरं आहे गं. वाच."

बाई बाहेरच्या कबुतरावर डोळे रोवून बसली. मग नाइलाजानं टिलीनं कागदात नाक घातलं. काही शब्द झकास जुळले, बरेच कोलमडले. एका हिरव्या राक्षसाला तर तिनं सरळ 'ग्रॅनी' म्हणून टाकलं. बाईनं ओठ चावला.

नापास.

शाळा सुटल्यावर फाटकाशी आई भडकली. "तुम्हीच म्हणालात ना, पास होईल? मग वर्षभर वाचत काय होती ती?"

"माझं थोबाड."

आईनं त्या थोबाडाकडं नीट बघितलं. "ते तरी धड वाचलं का?"

"कुठं म्हणून अडली नाही. म्हणून तर सप्टेंबरात नवं वर्ष लागलं की रोज केव्हजवळ शिकवणीला बसवणार."

"आणि तुम्ही?"

"मी पलीकडच्या खोलीत. दार लावून."