जवळचा आप्त

माझे वडील नागपूरच्या एका शाळेत मराठी शिकवायचे आणि रविवारी उपासनेनंतर मोठ्यांचा शास्त्रपाठ घ्यायचे. उद्धारावरचा त्यांचा पाठ मंडळीत विशेष आवडता होता. ते सांगायचे, प्राचीन इब्री लोकांत उद्धार हा शब्द आधी घरातला होता. भावाची जमीन परक्याच्या हाती गेली तर ती सोडवायची, घरचं कोणी गुलामीत गेलं तर त्याला परत आणायचं, हे काम सर्वांत जवळच्या आप्ताचं. "परका दया करू शकतो," ते म्हणायचे, "पण सोडवण्याचा हक्क रक्ताच्या माणसाचा. म्हणून ख्रिस्ताला आधी आपला भाऊ व्हावं लागलं." ऐकताना बायका पदराने डोळे पुसायच्या. मलाही वडिलांचा फार अभिमान वाटायचा.

माझं मॅट्रिकचं वर्ष होतं, सत्तरच्या आसपासचं. टीपकागद शोधताना वडिलांच्या टेबलाच्या खणात मला मनोरुग्णांच्या इस्पितळाची चार पत्रं सापडली. मजकूर जवळपास एकच. रुग्ण बरी आहे, जवळच्या नातेवाइकाने सही करून घेऊन जावे. पहिलं पत्र पाच वर्षांपूर्वीचं होतं. नाव माझ्या आत्याचं.

आत्या म्हणजे वडिलांची एकुलती एक धाकटी बहीण. कामठीला सासरी तिचं पहिलं बाळ गेलं आणि ती बोलेनाशी झाली. नवऱ्याने तिला पागलखान्यात ठेवलं आणि पुढे दुसरी बाई घरात आणली. आत्या अजून बरी नाही, असंच आम्हाला सांगितलेलं होतं. रोज संध्याकाळी आम्ही तिच्यासाठी प्रार्थना करायचो. वडीलच करायला सांगायचे.

मी पत्रं आईला दिली. तिने ती चुलीपाशी उभ्या उभ्या वाचली. तिलाही काही माहीत नव्हतं. वडील शाळेतून आले तेव्हा ती एवढंच म्हणाली, "काहून लपवली?"

वडील खाली बघत म्हणाले, "तीन मुली आहेत आपल्या. पागलखान्यातून आलेली आत्या घरात असली, तर कोण करून घेईल त्यांना?"

"माह्या पोरींचं नाव घेऊ नका," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन इस्पितळात गेली. तिथल्या कारकुनाने नातं विचारलं. आईने भावजय सांगितलं.

"रक्ताचं कोणी नाही का, बाई?"

"आहेत. या वेळेले ते शाळेत शिकवून राहिले."

त्याने मान हलवली. सही भावाचीच लागेल, पण भेटून जा म्हणाला. आत्या शिवणखोलीतून आली. केस बारीक कापलेले, कानाजवळ पांढरे. तिने आईला लगेच ओळखलं. मला नाही.

"दादा कधी गेला वं, वहिनी?" तिने विचारलं. आम्हाला आधी समजलंच नाही. "पाच वर्षं झाली, मी त्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करून राहिली. जिता असता तर तो आला असता."

आईने तिचे दोन्ही हात धरले. "जिवंत आहेत," ती म्हणाली.

घरी येऊन आईने ते सगळं वडिलांना जसंच्या तसं सांगितलं. ते पायातले बूटही न काढता बराच वेळ खुर्चीत बसून राहिले. सकाळी ते एकटेच गेले आणि आत्याला घेऊन आले.

दारातच त्यांनी तिची माफी मागितली.

"कशाची गा, दादा?" ती म्हणाली. "तुले पत्रं भेटली नसतीन."

हो म्हटलं असतं तर ते सुटले असते. आम्ही सगळ्या त्यांच्याकडे बघत होतो.

"भेटली होती," ते म्हणाले. "चारही."

आत्या आत निघून गेली.

त्यानंतर ती तीन वर्षं आमच्याकडे होती. आमचे फ्रॉक, ब्लाउज, मोठ्या बहिणीच्या लग्नाचा पांढरा पोशाखसुद्धा तिनेच शिवला. मुलाकडच्यांनी तिच्याबद्दल काही विचारलंही नाही. वडिलांशी ती कधी रागाने बोलली नाही, पण दादा म्हणून हाकही मारली नाही. पुढच्या वर्षी उद्धाराचा पाठ सुरू झाला, तेव्हा वडील मधेच थांबले. "हा कायदा मी तुम्हाला शिकवला आणि मीच मोडला," असं म्हणून त्यांनी भरल्या मंडळीत सगळं सांगून टाकलं. आत्या बायकांच्या बाकावर मान खाली घालून बसली होती. मंडळीने त्यांना क्षमा केली. पाठ मात्र त्यांनी पुन्हा कधी घेतला नाही.

शेवटच्या हिवाळ्यात आत्याची छाती भरली आणि तिने अंथरूण धरलं. वडील शाळेतून येऊन तिला चमच्याने पेज भरवायचे. ती मुकाट्याने खायची, त्यांच्या हाताला टेकून बसायचीही. मी दाराशी उभी राहून वाट बघायची. एकदा तरी ती दादा म्हणेल, असं मला वाटायचं. वडिलांनाही वाटत असणार, कारण चमचा रिकामा झाला तरी ते तसेच बसून राहायचे. ती गेली त्या दुपारीही तिने त्यांच्याकडे फक्त पाणी मागितलं.