गार इंजिनाचा आवाज

जुनी गाडी घ्यायला निघालेला माणूस आधी ती कानसेन मिस्त्रींकडे घेऊन यायचा. हे नाव गल्लीने ठेवलेलं. खरं नाव फक्त वीजबिलावर उरलं होतं. मिस्त्री बॉनेटला हात लावून बघायचे आणि इंजिन कोमट लागलं तर सरळ सांगायचे, "आज ठेवून जा. सकाळी या." गरम इंजिन तोंडावर गोड बोलतं, खरं ऐकायचं तर ते गार असताना, असं त्यांचं म्हणणं होतं. सकाळी किल्ली फिरवायला गिऱ्हाइकाला बसवायचे आणि स्वतः डोळे मिटून उभे राहायचे. पट्टा सैल असला की चीं असा आवाज येतो, बॅटरी उतरली असली की नुसतं टकटक होतं, इंजिनातले टॅपेट ढिले असले की शिवणयंत्रासारखी टिकटिक सुरू होते. हे सगळं त्यांना इतकं पाठ होतं, की बाकीची गल्ली अजून कान टवकारत असायची आणि यांचा हात पान्याकडे गेलेला असायचा.

हे ऐकणं त्यांनी आयुष्यात एकाच माणसाला शिकवलं होतं, धाकट्या भावाला. आणि तो अकरा वर्षांपूर्वी गॅरेज सोडून गेला होता.

झालं होतं असं. एका ओळखीच्या माणसाने विकायला काढलेली गाडी गॅरेजमध्ये आली. सुरू केली तर अगदी शहाण्यासारखी शांत. मिस्त्रींना संशय आला. तेलाची पट्टी काढून बघितली, तर आत मधासारखं दाट तेल. इंजिनाची खडखड लपवायला काही लोक असं तेल भरतात. आदल्या दिवशी गाडीवर धाकटाच काम करत होता. मिस्त्रींनी मागचापुढचा विचार केला नाही. चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "असले धंदे माझ्या गॅरेजमध्ये चालणार नाहीत."

धाकट्याने हातातला पाना पुसला, जागेवर लावला आणि तो निघून गेला. आठवड्याने गाडीचा मालकच हसत हसत सांगून गेला, "तेल मीच घातलं होतं हो, म्हटलं तुमच्या कानाला चकवा देता येतो का बघू." मिस्त्रींनी त्या संध्याकाळी दोन ठिकाणी शोधलं, नंतर आणखी दहा ठिकाणी. धाकट्याचा पत्ता लागला नाही. सकाळी इंजिन ऐकताना डोळे मिटले, की शेजारी कुणीतरी उभं आहे असं त्यांना अजून वाटायचं. डोळे उघडायला ते थोडा उशीर करायचे.

यंदा शिवणक्लास चालवणाऱ्या एक बाई आल्या. दोन महिन्यांपूर्वी जुनी गाडी घेतली होती. "सुरू करताना मधूनच कापड टरकावल्यासारखा आवाज येतो," त्या म्हणाल्या. "दर वेळी नाही. तीन गॅरेजवाल्यांनी तीन रोग सांगितले."

"टरकावल्यासारखा म्हणालात ना, मग अर्धं काम तुम्हीच केलंत," मिस्त्री म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी सहा वेळा किल्ली फिरवली. पाच वेळा काही नाही. सहाव्यांदा खर्रर्र! मिस्त्रींनी मान हलवली. स्टार्टर ज्या दातेरी चक्राला फिरवतो, त्याचे दात एका जागी झिजले होते. इंजिन बंद होताना नेमकं त्या जागी थांबलं, की पुढच्या वेळी हा आवाज.

त्यांनी स्टार्टर उतरवला. तो सरळ बसावा म्हणून मागे कुणीतरी पत्र्याची पातळ पट्टी घातली होती, डब्याचा पत्रा कापून केलेली. तिचा एक कोपरा वर वाकवलेला होता. पुढच्या मिस्त्रीला ती पकडीने ओढून काढता यावी म्हणून.

मिस्त्रींनी पट्टी उजेडाला धरली आणि परत परत उलटून बघितली. असा कोपरा वाकवणारा माणूस त्यांनी जन्मात एकच पाहिला होता. यावरून कितीदा त्याला झापलंही होतं, "अरे, सपाट ठेव की, कोण येतंय काढायला!"

"काय झालं? मोठं काम निघालं का?" बाईंनी घाबरून विचारलं.

"नाही, नाही. गाडी होईल ठीक. ही घेतलीत कुणाकडून, तेवढं सांगा."

आधीचा मालक बंदराच्या गावचा होता. फोनवर तो म्हणाला, "हो, पेट्रोल पंपामागे होता एक मिस्त्री. कमी बोलायचा. गाडी सुरू करायला सांगायचा आणि डोळे मिटून उभा."

घरी बायकोला सांगितलं, तर तिने हातातली पोळी तव्यावरच सोडली. "अहो, मग बसलाय काय? भावोजी काय चालत येणार आहेत?"

रविवारी पाच तास बसमध्ये बसून मिस्त्री त्या गावी पोहोचले. पंपामागच्या शटरला कुलूप होतं. शेजारचा पंक्चरवाला म्हणाला, "ते गेले की वर्षापूर्वी. बायकोच्या माहेराकडे, लांब. मुलगी शाळेत जायला लागली ना." मुलगी! मिस्त्रींनी शटरवर हात टेकला. पंक्चरवाल्याकडे नंबर होता. त्यानेच लावून दिला.

"हॅलो?"

मिस्त्रींना आवाज लगेच ओळखू आला, आणि बसमध्ये जुळवलेलं सगळं बोलणं विसरायला झालं.

"तेल तू घातलं नव्हतंस," ते म्हणाले.

पलीकडून आलं, "मला माहीत आहे ना, दादा."

इतक्यात तिकडे कुणीतरी गाडी सुरू केली. फोनमधून टिकटिक ऐकू यायला लागली.

"टॅपेट?" मिस्त्रींच्या तोंडून निघून गेलं.

"नाही. एक्झॉस्टची गॅस्केट फुटलीय. गरम होऊन फट बुजली की थांबेल."

"फोनवर कळत नाही नीट."

"मग थांब ना. ऐक."

दोघं थांबले. तीन-चार मिनिटं नुसतं ऐकत राहिले. टिकटिक हळूहळू बारीक झाली, दूर गेली आणि विरली. पंक्चरवाला आपल्या फोनकडे बघत होता, पण मिस्त्रींनी तो कानाशी घट्ट धरून ठेवला होता.

"थांबली," धाकटा म्हणाला.

"तुझंच बरोबर. घरी ये रे."

"बघू, दादा."

त्याला आता सात महिने झाले. धाकटा आलेला नाही. रविवारी सकाळी मात्र त्याचा फोन येतो. बोलणं सगळं गाड्यांचं. त्या जुन्या दिवसाचं तो काढत नाही, आणि मिस्त्रींनी दोनदा काढून बघितलं तर "जाऊ दे" म्हणाला. मध्ये एकदा मुलीने फोन घेतला आणि विचारलं, "तुम्ही मोठे काका ना? बाबा म्हणतात तुम्हाला सगळं ऐकू येतं."

बायको म्हणते, आपणच जाऊन येऊ. मिस्त्री म्हणतात, "त्याने एकदा 'ये' म्हणू दे." मग आठवडाभर नवा कुठला आवाज निघतोय का, हे शोधत राहतात. रविवारी भावाला विचारायला काहीतरी हवं.