न आलेला खोकला

कांबळेबाई कुलूप लावून निघाल्या की गल्लीच्या टोकापर्यंत जायच्या आणि परत येऊन कुलूप ओढून बघायच्या. उंब्रजच्या शाळेत त्या आम्हांला शिवण शिकवायच्या, तेव्हाही कपाटातली शेवटची सुई सापडल्याशिवाय कुणाला घरी सोडत नसत. आम्ही पोरी त्यांना मागून भित्री भागूबाई म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं. "व्हय, हाय मी भित्री," त्या म्हणायच्या. "भ्यालेलं माणूस दोनदा बघतं. तुमी एकदा तरी बघा."

त्याच भित्र्या बाईंच्या दारात मी एका दुपारी जाऊन उभी राहिले. तोवर त्या निवृत्त होऊन कराडला एकट्या राहत होत्या. मी म्हसवडला दिलेली. आदल्या दिवशी नवऱ्याने माझ्या अंगावर रॉकेल ओतलं होतं. काडी सर्दावलेली निघाली म्हणून वाचले. माहेरी गेले असते तर वडिलांनी परत नेऊन घातलं असतं, आधीही घातलंच होतं. बाईंच्या मागच्याच गल्लीत नवऱ्याचा मामा राहतो हे माहीत असूनही आले, कारण दुसरं दार नव्हतं.

बाईंनी माझे केस हुंगले. "आत ये," एवढंच म्हणाल्या. मग कडी, अडसर, खिडक्या, सगळं लावत सुटल्या.

मी आतल्या खोलीत लपून राहिले. फाटक वाजलं की मी पलंगाखाली सरकायचे. बाई धावत जाऊन कडी बघायच्या. पण घाबरलेल्या असतानाच त्या कामं करायच्या. त्यांची एक मैत्रीण सांगलीला मुलींचं वसतिगृह चालवायची, तिच्याकडे माझी सोय लावायची खटपट त्यांनी सुरू केली. सगळं बोलणं फोनवर.

त्या फोनबद्दल सांगायला हवं. तेव्हा कॉर्डलेस फोनचं नवं वेड आलं होतं. कराडच्या एका दुकानदाराने मुंबईहून एक खेप आणली आणि आसपासच्या चार गल्ल्यांत घरोघरी तोच फोन आला. सगळे एकाच चॅनेलवर. त्यामुळे आपण फोन उचलावा तर खरखरीतून भलत्याच घरातलं लग्न ठरताना ऐकू यायचं. चॅनेल बदलायचं बटण फोनच्या खोक्याच्या तळाला होतं, पण "त्याला हात लावाल तर फोन बंद पडंल बगा," असं दुकानदाराने बजावलेलं. बाई त्याला भ्यायल्या आणि बटण तसंच राहिलं. गल्लीने त्यावर आपली एक रीत काढली होती. दुसऱ्याचं बोलणं कानावर आलं की एकदा खोकायचं आणि फोन ठेवायचा. बोलणारा समजायचा, थोडा थांबायचा, मग पुढे बोलायचा. कुणी ती रीत मोडल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नव्हतं.

त्या संध्याकाळी बाई मैत्रिणीला सांगत होत्या, "उद्या सकाळच्या पहिल्या गाडीनं सांगलीला धाडते. स्टँडवर मी स्वतः बसवून देते." बोलता बोलता त्या थांबल्या. बराच वेळ नुसता फोन कानाला लावून उभ्या. मग मला जवळ बोलावून तो माझ्या कानाशी धरला. खरखर होती आणि त्या खरखरीत कुणीतरी श्वास घेत होतं. आम्ही वाट बघितली. खोकला आला नाही.

"कोण हाय?" बाईंनी विचारलं. खट्कन आवाज झाला आणि खरखर थांबली.

बाई भिंतीला टेकल्या, त्यांच्या ओठांना रंग राहिला नव्हता. मग त्यांनी फोनचं खोकं उलटं केलं, सुईने ते बटण सरकवलं आणि वर भिंतीतली वायरही उपटून टाकली. "लय उशीर केला गं मी," म्हणाल्या. मी रडायला लागले तशा जरा करड्या आवाजात म्हणाल्या, "रडू नगं. भीती वाटतीया न्हवं? मग तिला कामाला लाव."

फोनला पुन्हा हात न लावता त्या शेजारच्या रशीदभाईंकडे गेल्या. पहाटे रशीदभाईंनी मला रिक्षात बसवून स्टँडकडे नव्हे, पार ओगलेवाडीला, कराडच्या रेल्वे स्टेशनावर सोडलं. निघताना बाईंनी माझी हिरवी साडी पिशवीत वर दिसेल अशी घातली आणि ती पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली. "तुमी कुठं?" मी विचारलं. "स्टँडवर. फोनवर सांगितलंय न्हवं, तसं करायला पायजे. न्हाईतर तुजा नवरा दुसरीकडं बगंल."

आगगाडीत प्रत्येक पुरुषाचा आवाज मला नवऱ्याचा वाटत होता. वसतिगृहात पोचले आणि थोड्याच वेळात तिथला फोन वाजला. बाई बूथवरून बोलत होत्या. "पोचलीस?" मी हो म्हणाले. मग म्हणाल्या, "बरं झालं. आता मी जरा बसते."

पुढचं मला रशीदभाईंकडून कळलं, तेही खूप उशिरा. नवरा मामासोबत स्टँडवर आला होता. बाई सांगलीच्या गाडीपाशी पिशवी घेऊन उभ्या होत्या. "कुठाय ती?" त्याने विचारलं. "संडासाला गेलीया. येईल आत्ता." तो त्यांचं मनगट धरून उभा राहिला. एक गाडी गेली, दुसरी गेली, तसतसा तो पिरगाळत गेला. बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर लोक जमले असते, तो तिथून निसटला असता आणि मला शोधत सुटला असता. आगगाडी कराडहून सुटून गेली असेल याची खात्री होईतो त्या "येईल, येईल" म्हणत राहिल्या.

शेवटी तो वैतागून हात सोडून गेला, तेव्हा हाड मोडलं होतं. तरी त्या आधी बूथवर गेल्या, मी पोचेतो तिथेच थांबल्या आणि माझा आवाज ऐकल्यावर मग दवाखान्यात.