आजोबांच्या हातचा आकडा

पोलादपूरच्या शाळेत माझे वडीलच आम्हाला भूगोल शिकवायचे. गावात ख्रिस्ती घर आमचं एकटंच. त्या दिवशी त्यांनी वरंध घाटातला काळा दगड टेबलावर ठेवला आणि नेमकं मलाच विचारलं, "पृथ्वीचं वय किती?"

घरच्या बायबलच्या पहिल्या पानावर, समासात, आजोबांनी पेन्सिलीने लिहिलं होतं तेच मी ठणकावून सांगितलं, "सहा हजार वर्षं."

मागून एकजण ओरडला, "आमचं कलियुगच लाखांचं हाय गो!" वर्ग फिदीफिदी हसला. वडील माझ्याकडे न बघता म्हणाले, "चूक. हा दगडच कोट्यवधी वर्षांचा आहे. बस खाली."

त्या हसण्याचा राग मला अजून येतो.

संध्याकाळी जेवणाआधी त्यांनी मुद्दाम बायबलमधला, देवाने सहा दिवसांत जग घडवलं तो उत्पत्तीचा पहिला अध्याय वाचला, प्रार्थना केली. मी आमेन म्हटलं नाही. आईने डोळे वटारले. भाकऱ्या निवत चालल्या, पण कुणी हात लावेना.

"आधी सांगा बाबा, खरं काय?"

"सूर्यच चौथ्या दिवशी झाला," ते हळू म्हणाले. "त्याआधीचे दिवस केवढे होते, कोण सांगणार?"

"मग हे वर्गात का नाही सांगितलंत? आणि हे अजून इथे कशाला?" मी त्या आकड्यावर बोट आपटलं.

त्यांनी खिशातला खोडरबर काढून माझ्यापुढे ठेवला. "माझ्या बापाचं अक्षर आहे. माझा हात उठत नाही. तू खोड."

मी रबर उचलला.

पुढे मीही जन्मभर भूगोलच शिकवला. ते बायबल आता माझ्याकडे आहे. आकडा तिथेच आहे.