सोवळ्याची ठिणगी

माझ्या काकांच्या मते सर्व्हिस मोटारीत विटाळ नसतो. हे कुठल्या ग्रंथात लिहिलंय, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "पायी गेलो तर देवळात पोचेपर्यंत दुपार होते." झालं शास्त्र.

दर संकष्टीला ते रत्नागिरीहून लांज्याच्या मोटारीने वाटेवरच्या एका गावातल्या गणपतीला जात. सोबत मी. मोटार हाकणारा अस्पृश्य समाजातला, महायुद्धात पलटणीबरोबर जाऊन हे काम शिकून आलेला. घाटीच्या वळणांवर काका तासभर आपला जीव त्याच्या हाती देत. उतरताना मात्र त्याने चार हात लांब उभं राहायचं. जीव शिवलेला चालतो, अंग नाही. मी हे पत्रक काढून छापलंही होतं. कोणी वाचलं नाही.

काकांचा सरंजाम नीट ध्यानात घ्या, कारण सगळी गोम त्यातच आहे. अंगावर रेशमी मुकटा. मोटारीचा बाक चामड्याचा, चामडं सोवळ्याला चालत नाही, म्हणून खाली लोकरीची धाबळी. वहाणाही चामड्याच्या, म्हणून पायात लाकडी खडावा. अशा थाटात ते रस्ताभर हेलकावे खात धाबळीवर मुकटा घासत बसत.

पौषातली संकष्टी. घाटाकडून कोरडा मतलई वारा सुटलेला, ओठ फुटत होते. देवळापाशी मोटार थांबली. काका उतरायला लागले आणि पायरीवर त्यांची खडाव घसरली. ड्रायव्हर धावला, त्याने त्यांचा दंड धरला, आणि चट्ट असा आवाज होऊन दोघेही उडाले.

"ठिणगी," काका दंड चोळत म्हणाले. "अंगातून ठिणगी निघाली. अरे मेल्या, शिवलास का मला?"

"काकानू, धरला नसता तर तोंडावर पडला असतात. चटका मलापण बसला."

"बसणारच. पाप तुझंही झालं."

मोटारीच्या मालकाचं बाजारपेठेत कापडाचं दुकान होतं. माणूस वाईट नव्हता, पण देवाला भिऊन असायचा आणि गिऱ्हाइकाला त्याहून जास्त. काकांनी तिथे जाऊन सांगितलं, विटाळाची साक्ष आता प्रत्यक्ष विजेने दिली, ड्रायव्हर बदला. मालकाने मधला मार्ग काढला: पुढच्या संकष्टीला पुन्हा ठिणगी उडाली तर दुसरा माणूस बघू.

ड्रायव्हर मला मोटारथांब्यावर भेटला. "ही मोटार सुटली तर दुसरी कोण देणार इथे मला," तो म्हणाला. "परत मुंबई. गिरणीत. बायकामुलं इथे, मी तिथे. लढाईतून परत आलो तो काय ह्यासाठी?"

माझं डोकं फिरलं. त्याच संध्याकाळी पत्रक छापून घेतलं, मथळा 'ठिणगी कोणाची?' मजकुरात नुसती गर्जना होती. विजेबद्दल अवाक्षर नाही, कारण मला तेव्हा काही कळलेलंच नव्हतं. दोन दिवसांनी त्याच पत्रकात बांधून काकू भजी घेऊन आल्या.

उलगडा झाला तोही काकूंच्या कुरकुरीतून. "ह्यांचा मुकटा धाबळीवर ठेवला की माझ्या फुलवाती जाऊन चिकटतात मेल्या," त्या म्हणाल्या. "पावसाळ्यात नाही हो, ह्याच दिवसांत." मी त्यांच्या देवघरात जाऊन पाहिलं. खरंच, कापसाच्या वाती मुकट्याला बिलगून बसल्या होत्या. शाळेत मास्तर लाखेची कांडी लोकरीवर घासून कागदाचे कपटे उचलायचे ते आठवलं. लोकर, रेशीम, कोरडी हवा, आणि जमिनीपासून तोडणारं लाकूड. काका दर संकष्टीला स्वतःच वीज तयार करत होते. सोवळं जितकं कडक, तितकी ठिणगी मोठी.

हे सांगून काकांना पटलं नसतं. म्हणून माघातल्या संकष्टीला मी मालकाला मोटारीत बसवून आणलं आणि ड्रायव्हरला म्हटलं, "आज तुम्ही रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहा." पुजारीबुवांना आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, काका दमतात हल्ली, तीर्थ मोटारीपाशीच द्या. बुवा विहिरीवर आंघोळ करून ओल्या पायांनी, तांब्याची पळी घेऊन आले. काका धाबळीवरून सरकत खडावांवर उतरले. हात पुढे केला, पळी जवळ आली.

चट्ट.

तीर्थ सगळं बुवांच्या धोतरावर. मी अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "बुवा, आपण कोणत्या वस्तीतले?"

"गाढवा, तुझ्या काकांची मुंज माझ्या वडिलांनी लावली."

"मग काका, आता पुजारी बदलायचा का?"

मालकाने उपरणं तोंडाला लावलं. खोकला होता म्हणे. ड्रायव्हर पलीकडे झाडाकडे बघत उभा होता.

मग मी कारण सांगितलं आणि उपायही. बाकावरून उठण्याआधी दाराची पितळी मूठ उघड्या हाताने धरायची आणि दोन्ही पाय जमिनीला लागेपर्यंत सोडायची नाही. अंगातली वीज मोटारीत उतरते, चटका बसत नाही.

"ती मूठ तो रोज धरतो," काका म्हणाले.

"मग खडावा काढून उतरा."

"ह्या रस्त्यावरून कोण कोण चालतं."

परतताना त्यांनी तोड काढली. मूठ धरली, पण रेशमी उपरण्यातून. घराच्या दारात काकूंनी त्यांच्या हातातली तांब्याची झारी घेतली आणि दोघांनाही चटका बसला. काकू म्हणाल्या, "आता मला पण काढून टाका."

फाल्गुनात त्यांनी मूठ उघड्या हाताने धरली. चटका नाही, काही नाही. देवळाच्या पायरीवर उभं राहून त्यांनी निर्णय दिला, "पितळ हा धातू. धातूला विटाळ नाही." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माणसाला सोडून बाकी सगळ्याला ह्यांच्याकडे पळवाट आहे. पण त्या दिवशीही सोबत आलेल्या मालकाने हे ऐकलं, मान हलवली, आणि दुसरा माणूस बघायचं कधी निघालं नाही.

ड्रायव्हर अजून त्याच मोटारीवर आहे. थांबा आला की तो आधी ओरडतो, "मूठ धरा." आषाढात ठिणगी उडणं शक्य नसतं, तरी सगळे उतारू ओळीने ती मूठ धरून उतरतात, आणि एकजण तर धरून नमस्कारही करतो. त्याविरुद्ध पत्रक मी लिहायला घेतलंय. काका उतरले की ड्रायव्हर चार हात लांबून पुढे येतो, चिंचेचा कोळ लावून ती मूठ लख्ख घासतो आणि आपल्या तळहाताने पुसतो, अगदी सावकाश, काका बघत असेपर्यंत.