लिलावापुरता आवाज

दिवाळीनंतरच्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी अकरा वाजता, माझ्या थोरल्या भावाचे स्वरयंत्र शस्त्रक्रिया करून काढण्यात आले. घशाचा कर्करोग पूर्ण निघाला, असे डॉक्टरांनी सांगितले. गळ्याच्या खालच्या बाजूला श्वासासाठी छिद्र ठेवले होते. दुसऱ्या दिवशी भावाने पाटी मागवली आणि लिहिले, ‘कांदा काय भावाने गेला?’

मार्केट यार्डात त्याचा कांद्याचा गाळा आहे. शेतकऱ्याचा माल उतरला, की ढिगासमोर उभा राहून तो बोली पुकारायचा. रुमालाखाली बोटे दाबून सौदा करायची जुनी रीत केव्हाच बंद झाली होती. बोली उघड, चारचौघांना ऐकू जाईल अशीच व्हावी लागे. त्यामुळे प्रश्न एकच होता, भाऊ पुन्हा बोली पुकारू शकणार का? ‘नसेल जमत तर गाळा भाच्याला देऊन घरी बसतो,’ असे त्याने पाटीवर लिहिले आणि खाली दोन रेघा मारल्या.

चौकशीचे काम माझ्याकडे आले, कारण माझा जन्म वर्तमानपत्रात बातम्या तपासण्यात गेला होता. मी ओळखीच्या डॉक्टरांना फोन केले, जुन्या सहकाऱ्यांना केले आणि स्वरयंत्राविना बोलायला कुठे शिकवतात, ते विचारले. मुंबईचा पत्ता मिळाला, दिल्लीचा मिळाला, एक सिंगापूरचाही मिळाला. आमच्या पुण्याचा मिळाला नाही.

तो पत्ता रुग्णालयातच होता. तळमजल्यावर, औषधांच्या दुकानाला लागून, ‘समाजसेवा विभाग’ असा बोर्ड असलेली खोली होती. तीन आठवडे आम्ही तिच्यासमोरून ये-जा करत होतो. एकदा ड्रेसिंगला आलो असताना मी वहिनींना म्हटले, “इथं विचारू या का?”

“भाऊजी, ती गरिबांची खोली हाय,” वहिनी म्हणाल्या. “घराकडं कात्रजला कुणी सांगितलं तर लोक म्हणतील, ह्यांचा गाळा बसला. आपण वर्गणी देणारी माणसं.”

मलाही ते पटले, हे इथे नोंदवले पाहिजे.

शेवटी खोलीतल्या समाजसेविका बाईच दारात येऊन उभ्या राहिल्या.

“अहो, किती दिवस बघतेय, बोर्ड वाचता आणि पुढे जाता. काही शुद्धलेखनाची चूक आहे का त्यात?”

“आम्हाला पैशाची मदत नको,” वहिनी म्हणाल्या.

“मी कुठे देतेय? पेशंटला बोलायचंय का, तेवढं सांगा.”

भावाने मान इतक्या जोरात हलवली, की ड्रेसिंग पुन्हा करावे लागले.

बाईंनी पत्ता लिहून दिला. सदाशिव पेठेतल्या एका शाळेत दर शनिवारी दुपारी वर्ग भरत असे. ज्यांचे स्वरयंत्र काढले आहे अशी माणसे तिथे नव्या रुग्णांना बोलायला शिकवत. फी नव्हती. जखम भरल्यावर, डॉक्टरांना विचारून आम्ही तिघे तिथे गेलो.

शिकवणारे गृहस्थ निवृत्त पोस्टमास्तर होते. स्वरयंत्र त्यांनाही नव्हते. त्यांचा आवाज खरखरीत आणि हळू होता, पण शब्द सुटा ऐकू येई. तोंडाने हवा अन्ननलिकेत घ्यायची, ढेकरेसारखी वर सोडायची आणि तिच्यावर शब्द बसवायचा, एवढी ती रीत होती.

“जेवल्यावर ढेकर देता का?” त्यांनी भावाला विचारले. भावाने हात जोडून होकार दिला.

“मग निम्मा अभ्यास घरी झालाय. आमच्या पेठेतल्या लोकांना आधी तीच शिकवावी लागते. लाजतात.”

पहिल्या शनिवारी काहीच आले नाही. दुसऱ्या शनिवारी ‘पा’ आला, नंतर ‘का’. घरी सराव सुरू झाला, तसे वहिनींनी शेजाऱ्यांना आपणहून सांगून टाकले, “आजारी न्हाईत, अभ्यास चाललाय.” पाचव्या शनिवारी भाऊ पूर्ण शब्द बोलला. तो शब्द ‘कांदा’ होता.

“इथे बहुतेक लोक पहिल्यांदा बायकोचं नाव घेतात,” पोस्टमास्तर म्हणाले.

“लग्नात नाव घ्यायची पाळी आली, तवाबी ह्यांनी कांद्यावरच उखाणा घेतला होता,” वहिनी म्हणाल्या. भाऊ हसला. त्या हसण्याला आवाज नव्हता, खांदे हलत होते.

वाक्ये जमायला आणखी दोन महिने गेले. तरी आवाज मोठा निघेना. खोलीत ऐकू येई, गाळ्यावर आला नसता. पोस्टमास्तरांनी बाजूच्या गल्लीकडे बोट दाखवले. तिथले शिकवणीवाले शिक्षक कमरेला छोटा स्पीकर आणि तोंडासमोर माइक लावून शिकवत. तसाच संच त्याच संध्याकाळी घेतला.

होळीच्या आधीच्या गुरुवारी भाऊ गाळ्यावर उभा राहिला. व्यापारी गोळा झाले. वहिनी पहिल्यांदाच यार्डात आल्या होत्या आणि पोत्यांआड उभ्या होत्या. भावाने हवा घेतली आणि बोली सुरू केली.

“शेठ, जरा बारीक करा,” एक हमाल ओरडला. “पलीकडचं गिऱ्हाईक तिथला लिलाव सोडून हिकडं बघतंय!”

भावाने स्पीकरचे बटण फिरवले आणि आवाज आणखी वाढवला.

पहिला ढीग सकाळी साडेआठच्या आत विकला गेला. त्यानंतरचे चार ढीगही त्यानेच पुकारले.