दगडाखालच्या चिठ्ठीतलं नाव

हे मी कोणालेच सांगितलं नाही — नवऱ्याले नाही, आईले तर नाहीच. तुम्हाले सांगून राहिली, कारण तुम्ही माझ्या बाबाले कधी पाहिलं नाही.

मी रायपूरच्या ज्या कॉलेजात शिकली, तिथंच आता भूशास्त्र शिकवते. तिथं काचेच्या कपाटात एक दगड आहे. आपल्याकडच्या फर्शीचाच, चुनखडीचा. पण कापलेल्या कांद्यासारखे त्यात पापुद्रे आहेत. शंभरेक कोटी वर्षांपूर्वी इथं उथळ समुद्र होता, आणि डोळ्याले न दिसणाऱ्या जिवांनी ते थर रचले. दगडाखाली चिठ्ठी आहे — कुठं सापडला, कोणाले सापडला. तिथं माझं नाव आहे.

माझं?

बाबा गुढियारीहून सायकलनं फर्शीच्या खदानीत कामाले जाये. शिक्षण चौथी, पण नजर — बापरे! एकदा म्हणे, "काहून वं पोट्टे, आमच्या दगडाले पापुद्रे काहून?" मी म्हटलं, इथं समुद्र होता बाबा. "आपल्या रायपुरात?" त्यानं समुद्र जन्मात पाहिला नव्हता. मग काय, रोज जेवताना समुद्रच! लाटा कुठवर येत असतीन, मासे होते का. मासे तेव्हा नव्हतेच म्हटलं, तर बिचारा हिरमुसला. आज ते प्रश्न ऐकायले माझे कान तरसतात.

मग एक दिवस — कसं सांगू? — भरदुपारी तो दगड कॅरिअरले बांधून बाबा कॉलेजच्या फाटकावर आला. अंगभर पांढरी भुकटी, चपलेले तार बांधलेली. माझ्यासोबत शंकर नगरच्या बंगल्यांतल्या मैत्रिणी. आमचे सर धावतच आले, दगडावर हात फिरवला, विचारलं — किसे मिला?

दोनच शब्द बोलायचे होते. ‘माझ्या बाबाले.’ जीभ जड झाली का? नाही हो, चांगली चालली.

"मुझे मिला, सर. ये तो मजदूर है, उठाकर लाया है."

बाबानं माझ्याकडं पाहिलं. मग सरांकडं.

"हव साहब," तो म्हणाला, "दीदी ने ही ढूँढा."

दीदी. मले.

सरांनी कोरी चिठ्ठी पुढं केली. मीच लिहिली, चांगल्या अक्षरात.

पुढं बाबा वारला, समुद्र न पाहताच. दरवर्षी मी पोरांले शिकवते, चिठ्ठी खोटी तर दगड कामाचा नाही. कपाटाची चावी माझ्याच पर्समध्ये असते. मी चिठ्ठी बदलली नाही.

चिठ्ठी लिहिली त्या संध्याकाळी घरी त्यानं "जेवली का?" एवढंच विचारलं. पुढं हसला, बोलला, माझ्या लग्नात रडला बी. समुद्राचा विषय मात्र पुन्हा कधी काढला नाही. आणि "पोट्टे" अशी हाक नाही मारली. मले नावानंच हाक मारे. चिठ्ठीवर आहे तेच, पूर्ण.